कोकणच्या पावसाळ्यात रीजन्सी लंडन: चार रहस्यमालिकांचं परीक्षण

शिमग्यात पालखी आधी कुणाच्या दारी जाणार, निशाण कोण धरणार, गाऱ्हाणं कोण घालणार, यावरून कोकणातली गावं वर्षानुवर्षं भांडली आहेत, कोर्टातही गेली आहेत. मान मोडला तर माणूस कुठल्या थराला जातो, हे इथल्या वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या लंडनमध्ये, ड्यूक आणि अर्ल यांच्या दिवाणखान्यांत घडणाऱ्या खुनांच्या कादंबऱ्या रत्नागिरी-चिपळूण-मालवणच्या वाचकाने हातात घ्याव्यात असं म्हणतो ते यासाठी. जेवणघरात कोण कुणाच्या आधी शिरलं, कुणाकडे बघून न बघितल्यासारखं केलं, नाचाच्या आमंत्रणातून कुणाचं नाव गळलं, यावर तिथे घराण्याची अब्रू ठरायची. त्यावरून लग्नं मोडायची, आणि कादंबरीत मुडदेही पडतात.

या प्रकारातल्या चार इंग्रजी मालिका इथे घेतल्या आहेत. कसोटी एकच लावली आहे: उमरावांचे रीतिरिवाज गोष्टीत कामाला लागतात का? चांगल्या रीजन्सी रहस्यकथेत रिवाज हाच पुरावा असतो, तपासातला अडथळा असतो आणि बऱ्याचदा खुनाचं कारणही. तसं होत नसेल तर गाऊन, बग्ग्या आणि झुंबरांची वर्णनं कितीही देखणी असोत, पुस्तक बाजूला ठेवावं.

आधी काळाचा हिशेब. काटेकोरपणे रीजन्सी म्हणजे ५ फेब्रुवारी १८११ ते २९ जानेवारी १८२०. राजा तिसरा जॉर्ज मनोविकारामुळे कारभार करण्यास असमर्थ ठरला, म्हणून थोरला युवराज राजप्रतिनिधी झाला आणि बापाच्या मृत्यूपर्यंत त्याच नात्याने राहिला. मराठी वाचकाने हा काळ आपल्या इतिहासाशेजारी ठेवून बघावा. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकराने पुण्याजवळ पराभव केल्यावर दुसरा बाजीराव महाड, सुवर्णदुर्ग करत वसईला इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला. पुढच्या सप्टेंबरात असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारा आर्थर वेलस्ली म्हणजेच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. खडकीची लढाई झाली ५ नोव्हेंबर १८१७ ला. दुसऱ्याच दिवशी लंडनजवळ राजप्रतिनिधीची एकुलती एक मुलगी शार्लट बाळंतपणात वारली आणि अख्खं इंग्लंड सुतकात गेलं. १८१८ पर्यंत सुवर्णदुर्गासह कोकणातले किल्ले कंपनीच्या हातात गेले. बाणकोट तर १७५६ पासूनच त्यांच्याकडे होतं. हे डोक्यात असलं की कादंबरीत ‘हिंदुस्थानातून गब्बर होऊन आलेला’ गृहस्थ अवतरतो तेव्हा आपण लगेच विचारतो, पैसा कुठला, कुणाचा? चांगल्या लेखकाकडे याचं उत्तर असतं. कच्चा लेखक काश्मिरी शाल, एक हिरा आणि एक गूढ नोकर दाखवून मोकळा होतो. ही खूण दिसली की बाकीचं पुस्तकही पातळच निघतं.

रहस्यकथेला हाच काळ का मानवतो, हेही बघण्यासारखं आहे. लंडनचं महानगर पोलीस दल १८२९ मध्ये उभं राहिलं. त्याआधी होते ते दंडाधिकारी, रात्रीचे पहारेकरी आणि १७४९ पासून बो स्ट्रीटच्या कचेरीतून काम करणारे मूठभर ‘रनर’, जे फी किंवा बक्षीस घेऊन तपास करत. डिसेंबर १८११ मध्ये रॅटक्लिफ हायवे भागात बारा दिवसांच्या अंतराने दोन घरांत मिळून सात जण मारले गेले. संशयित खटल्याआधीच तुरुंगात गळफास घेतलेला सापडला, म्हणजे सत्य कायमचं अर्धवट राहिलं. ११ मे १८१२ ला पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल यांना संसदेच्या दालनात गोळी घातली गेली. १८ मे ला मारेकरी फासावर होता. सात दिवस! कादंबरीसाठी हा वेग फार मोलाचा. निरपराध माणूस पकडला गेला की त्याला वाचवायला वेळ किती, तर कोर्टाच्या पुढच्या सत्रापर्यंतचे मोजके दिवस. त्यातही गंभीर गुन्ह्यातल्या आरोपीच्या वकिलाला ज्यूरीपुढे भाषण करायची मुभा १८३६ पर्यंत नव्हती. म्हणून बाहेरच्या कुणीतरी, ज्याला सगळ्या दारांतून आत सोडतात अशा कुणीतरी, खरा खुनी शोधून काढावा लागतो. उमराव गुप्तहेर या काळात पटतो तो त्यामुळे.

विज्ञानाचं पारडंही रिकामंच. बोटांचे ठसे नाहीत, आर्सेनिक ओळखणारी मार्शची चाचणी १८३६ ची. शवविच्छेदन करायचं तर कायद्याने मिळणारी प्रेतं फक्त फाशी गेलेल्या खुन्यांची, बाकीची कबरी उकरून चोरलेली. हा धंदा १८३२ च्या कायद्यानंतर आटला. तपास करणाऱ्याच्या हाती उरतं काय, तर माणसाचं वागणं, कपडे, वेळा आणि पत्रं.

पत्रांचं बघा. १८४० पर्यंत टपालाचे पैसे साधारणपणे पत्र घेणारा भरायचा. पण लॉर्ड किंवा संसद सदस्याने पाकिटावर सही केली की पत्र फुकट जायचं, आणि १७८४ पासून त्या सहीबरोबर ठिकाण आणि तारीख स्वतःच्या हाताने लिहिणं त्याच्यावर बंधनकारक होतं. म्हणजे ‘त्या रात्री मी बाथ शहरात होतो’ म्हणणाऱ्या लॉर्डच्या हातचं, त्याच तारखेचं, लंडन लिहिलेलं पाकीट सापडलं की त्याचा दावा कोसळतो. ज्या लेखकाला हे ठाऊक असतं त्याला बनावट चावीची, खिडकीखालच्या चिखलातल्या ठशांची गरज लागत नाही.

वारसाहक्क हे दुसरं इंजिन. आपल्याकडे हिंदू कायद्याच्या मिताक्षर पद्धतीत मुलांचा वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच हिस्सा, म्हणून भांडण वाटणीवरून. तिथे वाटणीच नाही. किताब, वाडा, जमीन सगळं थोरल्याला. धाकट्यांनी सैन्यात, आरमारात, चर्चमध्ये किंवा वकिलीत जावं. त्यामुळे दोन भावांमध्ये एकच मृत्यू उभा असतो. आत्महत्या ठरली तर आणखी पेच: शुद्धीवर असताना जीव दिला असा निकाल लागला तर जंगम मालमत्ता सरकारजमा आणि १८२३ पर्यंत चव्हाट्यावर पुरणं. म्हणून घरचे लोक आत्महत्या दडवतात, कधी अपघाताचा देखावा उभा करतात, आणि मृत्यूचा पंचनामा करणारी ज्यूरी, जी बहुधा जवळच्या दारूच्या गुत्त्यातच बसायची, वेड लागलं होतं असं म्हणून सोडवते. बायकांची कोंडी तर पावलोपावली. लग्न झालं की बाईची जंगम मालमत्ता नवऱ्याची, पुनर्विवाहाची मोकळीक देणाऱ्या घटस्फोटाला संसदेचा स्वतंत्र कायदा लागायचा, आणि अविवाहित मुलीने एकट्याने पुरुषाच्या घरी पाऊल टाकलं तर तिचं नाव संपलं. मग स्त्री गुप्तहेर साक्षी नोंदवणार कशी? बहुतेक लेखिका तिला विधवा करतात. विधवेला घराबाहेर पडता येतं, पैसा स्वतःच्या हातात असू शकतो.

आता मालिका.

सी. एस. हॅरिस यांची सेबॅस्टियन सेंट सिर मालिका सगळ्यात आधी, आणि माझ्या मते सगळ्यात वरची. पहिलं पुस्तक ‘व्हॉट एंजल्स फिअर’, २००५ चं. गोष्ट घडते जानेवारी १८११ मध्ये, राजप्रतिनिधी नेमण्याचा वाद संसदेत पेटलेला असताना. एका तरुण नटीचा चर्चमध्ये निर्घृण खून होतो, जवळ सेबॅस्टियनचं पिस्तूल सापडतं आणि त्याला पळत पळतच खरा गुन्हेगार शोधावा लागतो. त्यानंतर जवळजवळ दरवर्षी एक असे वीसच्या आसपास भाग आले आहेत, आणि गोष्टीतला काळही क्रमाने पुढे सरकतो. लेखिका इतिहासात डॉक्टरेट मिळवलेली आहे, आणि ते पानोपानी कळतं. तळटिपांत नव्हे, तपासाच्या रचनेत. उदाहरण द्यायचं तर २०१८ चं ‘व्हाय किल द इनोसंट’. थेम्स गोठली होती त्या १८१४ च्या हिवाळ्यातली ही गोष्ट. बर्फात मेलेली सापडते ती राजकन्या शार्लटला पियानो शिकवणारी बाई. राजघराण्याला चौकशी नको आहे, म्हणून मृत्यू अपघात ठरवला जातो. शिकवणीला जाणाऱ्या बाईला वाड्यात दार उघडं असतं, पण तिची बाजू घेणारं कुणीच नसतं, या एका सामाजिक वास्तवावर सगळं पुस्तक उभं आहे.

या मालिकेची खरी ताकद तिच्यातल्या चार-पाच कायमच्या माणसांत आहे. राजप्रतिनिधीचा नातलग लॉर्ड जार्व्हिस हा सत्तेचा चेहरा: शांत, हुशार, राज्यासाठी कुणालाही मारायला तयार. त्याची मुलगी हीरो तितकीच बुद्धिमान, पण बापाच्या विरुद्ध टोकाची. टॉवर हिलजवळ राहणारा, लढाईत पाय गमावलेला आयरिश शल्यविशारद पॉल गिब्सन प्रेतं तपासतो आणि वेदनेपायी अफूच्या आहारी जातो. बग्गीच्या मागे उभा राहणारा टॉम हा रस्त्यावरून उचललेला पोरगा. सेबॅस्टियनच्या स्वतःच्या जन्माचं रहस्य अनेक भागांतून उलगडत जातं. म्हणून ही मालिका मधूनच उचलू नये. आठव्या-नवव्या भागापासून सुरुवात केली तर खुनाचा उलगडा कळेल, पण सेबॅस्टियन आणि त्याचे वडील अर्ल ऑफ हेंडन एका खोलीत आले की ताण का येतो ते कळणार नाही, आणि आधीच्या भागांतली दोन-तीन मोठी गुपितंही फुटतील.

उणिवा आहेत, आणि सलग वाचल्या तर खुपतात. सेबॅस्टियनची नजर आणि कान माणसाच्या मानाने फारच तीक्ष्ण दाखवले आहेत. अंधारात त्याला दिसतं, त्यामुळे रात्रीच्या प्रसंगातली भीती कमी होते. तपासाची चाल ठरलेली: एका लॉर्डला भेटायचं, त्याने धमकावायचं, संध्याकाळी गल्लीत कुणीतरी सुरा घेऊन अंगावर यायचं, मग पुढचा लॉर्ड. सलग तीन भाग वाचले की पाठांतर होतं. दोन भागांमध्ये महिना-दीड महिना जाऊ द्यावा. शिवाय प्रेतांची वर्णनं थेट आहेत, स्त्रिया आणि मुलांवरच्या अत्याचाराचे विषय वारंवार येतात. घरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला देताना मोठ्यांनी आधी चाळून बघावं.

ज्यांना रक्त कमी आणि बुद्धीचा खेळ जास्त हवा, त्यांनी अँड्रिया पेनरोझ यांची रेक्सफर्ड आणि स्लोन मालिका घ्यावी. सुरुवात ‘मर्डर ऑन ब्लॅक स्वान लेन’ (२०१७). रेक्सफर्ड हा अर्ल आणि रसायनशास्त्रज्ञ. शार्लट स्लोन ही विधवा, जी पुरुषाच्या टोपणनावाने उमरावांची टर उडवणारी व्यंगचित्रं काढून पोट भरते. ही जोडी फार विचारपूर्वक बांधली आहे. व्यंगचित्राला छापखान्यापर्यंत जायचं तर बातमी आधी लागते, म्हणून तिच्याकडे शहरभर खबरे. त्याला मोठ्या घरांत दार उघडं, म्हणून वरची माहिती त्याची. दोघांपैकी एकाने तपास पुरा होतच नाही. २०२० चं ‘मर्डर अ‍ॅट क्वीन्स लँडिंग’ आपल्या वाचकाने वगळू नये, कारण त्यात ईस्ट इंडिया कंपनीचा व्यवहार हाच तपासाचा गाभा आहे. कमतरता: कारस्थानं भागागणिक इतकी मोठी होत जातात की एका खुनाचं दुःख हरवतं, आणि शार्लट स्लोनने सांभाळलेली दोन रस्त्यावरची पोरं गोडच्या गोड बोलतात. इंग्रजी मात्र सोपं आहे. या प्रकारात पहिल्यांदाच उतरणाऱ्याने इथून सुरुवात केली तरी चालेल.

स्टेफनी बॅरन यांच्या मालिकेत खुद्द त्या काळची कादंबरीकार जेन ऑस्टिन तपास करते. १९९६ ते २०२३, पंधरा भाग, आणि मालिका पूर्ण झालेली आहे. जेनची सापडलेली रोजनिशी संपादित करून छापली आहे अशी मांडणी, त्यामुळे भाषा जुन्या वळणाची आणि खाली संपादकाच्या टिपा. ऑस्टिनच्या दोन तरी कादंबऱ्या वाचलेल्या असल्याशिवाय हात लावू नये. अर्धी मजा तिच्या नजरेच्या ओळखीत आहे. वेग मंद. ज्यांना ऑस्टिन प्रिय आहे त्यांना हा मंदपणाच हवासा वाटेल.

आणि केट रॉस. तिचा गुप्तहेर ज्युलियन केस्ट्रेल याच्या फक्त चार कादंबऱ्या, १९९३ ते १९९७. लेखिका १९९८ मध्ये गेली. गोष्टी १८२० च्या दशकातल्या, म्हणजे काटेकोर रीजन्सी संपल्यानंतरच्या, पण समाज तोच. कोडं म्हणून या चारही मालिकांत हिची बांधणी सगळ्यात घट्ट आहे. ‘कट टु द क्विक’ मध्ये खेड्यातल्या एका मोठ्या वाड्यात लग्नाच्या बोलणीसाठी जमलेल्या मंडळींत केस्ट्रेल पाहुणा असतो आणि त्याच्या पलंगावर अनोळखी मुलीचं प्रेत सापडतं. खोली कुलूपबंद. संशय जातो त्याच्या नोकरावर, डिपरवर, जो पूर्वी खिसेकापू होता. घरची मंडळी बोलत नाहीत, कारण बोललं तर लग्न मोडेल, आणि लग्न कशाच्या बळावर ठरलं आहे हेच खरं कोडं आहे. रिवाज पुराव्यात कसा बदलतो याचा नमुना बघायचा असेल तर हे पुस्तक. केस्ट्रेलकडे किताब नाही, जमीन नाही. त्याची सगळी प्रतिष्ठा कपड्यांच्या कापावर आणि वागण्यावर टिकलेली. म्हणून उच्चवर्गात त्याचं पाऊल कायम निसरडं राहतं, आणि प्रत्येक प्रश्न विचारताना त्याला काहीतरी गमवावं लागू शकतं. सेबॅस्टियनला हा धोका कधीच नसतो.

या चार नावांबाहेर रीजन्सीच्या वेष्टनात बरंच कच्चं लेखनही विकलं जातं. ई-पुस्तकाच्या दुकानात सुरुवातीची काही पानं फुकट वाचता येतात. तेवढ्यात पारख होते. नायिकेला रुमालावर क्लोरोफॉर्म हुंगवून पळवलं, तर पुस्तक बंद करा: त्याचा गुंगीसाठी वापर १८४७ चा. खिशातून काडेपेटी निघाली? घासून पेटणारी काडी १८२७ च्या आसपास विक्रीला आली. ‘इन्स्पेक्टर’ दारात उभा, पाकिटावर तिकीट चिकटवलेलं, लंडनहून आगगाडीने कूच, हे सगळं रीजन्सीनंतरचं. सगळ्यात जास्त चुका किताबांत होतात. अर्लच्या थोरल्या मुलाला वडिलांचा दुय्यम किताब मिळतो, त्याच्या पहिल्या नावाआधी ‘लॉर्ड’ लागत नाही. तो मान ड्यूक आणि मार्क्विस यांच्या धाकट्या मुलांचा. बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब, पण त्याला लॉर्ड सभेत जागा नाही, म्हणून खुनाच्या आरोपात तो सामान्य कोर्टात जायचा, तर अर्लचा खटला त्या काळी लॉर्ड सभेपुढेच चालायचा. लेखकाने इथे गफलत केली असेल तर पुढच्या दोनशे पानांवर भरवसा ठेवू नये.

वाचकाची गाडी अडते तीही बहुधा याच जागी. एकाच माणसाला दोन नावं: सेबॅस्टियन सेंट सिर, व्हायकाउंट डेव्हलिन, आणि वडील मात्र अर्ल ऑफ हेंडन. पन्नास-साठ पानांवर आपण या एकाच घरातल्या दोघांना तिघं समजून बसतो आणि मग पुस्तक सुटतं. उपाय साधा: एक कोरा कागद पुस्तकात ठेवावा, त्यावर तीन रकाने, पाळण्यातलं नाव, घराण्याचं नाव, किताब. नवं माणूस आलं की लगेच भरायचं. ‘नंतर लिहू’ म्हटलं की राहतंच. त्याच कागदाच्या मागे पैसे लिहावेत: १२ पेनी म्हणजे एक शिलिंग, २० शिलिंगचा पाउंड, २१ शिलिंगची गिनी. जुगाराची उधारी गिनीत आणि नोकराचा पगार वर्षाकाठी पाउंडात येतो, त्यामुळे रकमेचं वजन कळायला हे लागतंच. दिवसाचं वेळापत्रकही आपल्यापेक्षा सरकलेलं: मोठ्या घरांत न्याहारी दहाच्या सुमारास, भेटीगाठी दुपारी, जेवण संध्याकाळी सहा-सातला, नाच रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत. किंग स्ट्रीटवरच्या ऑलमॅक्समध्ये बुधवारच्या नाचाला रात्री अकरानंतर कुणालाही आत घेत नसत. साक्षीदार ‘बाराला तिथे आलो’ म्हणाला तर तिथेच पेन्सिलीने खूण करावी. हॅरिस यांच्या पुस्तकांत शेवटी ऐतिहासिक टिपण असतं, त्यात खरं काय आणि रचलेलं काय ते सांगितलेलं आहे. ते फार चांगलं आहे, पण आधी उघडू नये. उलगड्याचे धागे त्यात असतात.

छापील घ्यावं की ई-पुस्तक? कोकणात जून ते सप्टेंबर या महिन्यांपुरतं उत्तर स्पष्ट आहे: ई-वाचक यंत्र. वादळात दिवसभर वीज गेली तरी एकदा चार्ज केलेलं यंत्र बरेच दिवस चालतं, पडद्याचा स्वतःचा उजेड असतो, आणि शब्दावर बोट ठेवलं की अर्थ येतो. घोडागाडीचे डझनभर प्रकार आणि गळपट्ट्याच्या गाठींची नावं शब्दकोशाशिवाय पार करणं कठीणच. नुकसान एकच: मागचं पान पटकन उलटून बघता येत नाही, आणि रहस्यकथेत ते सारखं करावं लागतं. म्हणून साक्षीतल्या वेळा, पत्रांच्या तारखा आणि कपड्यांचे उल्लेख वाचतानाच अधोरेखित करत जावं. यंत्र त्यांची आपोआप यादी करतं. श्राव्य आवृत्ती ऐकत कोकण रेल्वेने जाणार असाल तर गाडीत बसण्याआधी पूर्ण उतरवून घ्या. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा आहे, आणि तो काही वाटेतला एकमेव नव्हे. तरी पहिलं पुस्तक ऐकून सुरू करू नये. नावं डोळ्यांखालून गेल्याशिवाय कानात बसत नाहीत.

छापील प्रती जमवणाऱ्यांसाठी काही गोष्टी सांगायलाच हव्यात, कारण जुन्या प्रतींचा बाजार मुख्यतः केट रॉससाठी लागतो. या कादंबऱ्यांच्या पेपरबॅकचा कागद स्वस्त, हवेतलं पाणी ओढणारा, आणि पाठीला फक्त गोंद. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरायला लागते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती आठवडेच्या आठवडे त्याच्या वर असते. पुस्तकं बाहेरच्या, पाऊस झोडपणाऱ्या भिंतीला लागून ठेवू नयेत. कपाट आतल्या भिंतीकडे घ्यावं, मागे चार बोटं जागा सोडावी, पुस्तकं दाबून कोंबू नयेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवणं सगळ्यात वाईट: आत अडकलेला ओलावा बाहेर पडत नाही. हवाबंद डबाच वापरायचा तर पुस्तकं मे महिन्यात, कोरड्या हवेत भरावीत आणि सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. रंग बदलणारं जेल घेतलं की ते कधी तापवून पुन्हा कोरडं करायचं ते कळतं. बुरशी दिसलीच तर ओल्या फडक्याने पुसू नये, ती कागदात आणखी जिरते. आधी पंख्याखाली सावलीत पूर्ण कोरडं करावं, मग तोंडाला मास्क लावून अंगणात मऊ कोरड्या ब्रशने झाडावं. कडक उन्हात ठेवलं तर पानं वाकतात आणि पाठीचा गोंद तडकतो.

पुरात किंवा गळतीत पुस्तक पूर्ण भिजलं असेल, जसं जुलै २०२१ मध्ये चिपळुणात घरोघरी झालं, तर ते जबरदस्तीने उघडू नये. जास्तीचं पाणी निथळू द्यावं, दर वीस-पंचवीस पानांमागे कोरा टिपकागद घालावा आणि तो ओला होईल तसा बदलत राहावं. छापील वर्तमानपत्र वापरलं तर शाई पानावर उतरते. लगेच वेळ नसेल तर पुस्तक पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवता येतं. तोवर बुरशी थांबते.

जुनी प्रत मागवताना विक्रेत्याकडून पाठीचा आणि पानांच्या कडेचा फोटो मागावा, पहिल्या पानाचा नव्हे. कडेवर तपकिरी ठिपके असतील तर बुरशीचा इतिहास असू शकतो आणि इथल्या हवेत ती परत जागी होऊ शकते. केस्ट्रेलच्या चारही प्रती एकदम शोधत बसू नये. पहिली घ्यावी, मग उरलेल्या प्रकाशनाच्या क्रमाने. पार्सल पावसाळ्यात येणार असेल तर कुरिअरवाल्याकडून दारात घेण्याची सोय करावी. पायरीवर ठेवलेलं पाकीट पागोळ्यांच्या पाण्याने तासाभरात आतपर्यंत भिजतं.